सात हजार आधी, एक कोटी नंतर

जालन्यात कुठल्याही कॉलेजच्या माजी विद्यार्थ्यांचा मेळावा असो, जेवणाच्या रांगेत हा विषय निघाल्याशिवाय राहत नाही. आमच्या वेळचा अमका फुलबॅक चिखलात अनवाणी खेळायचा. तमका पहाटे गावाकडून सायकल हाणत यायचा आणि संध्याकाळी एकट्याच्या जिवावर मॅच काढायचा. आजच्या पोरांना ब्रँडेड बूट लागतात, प्रोटीनचा डबा लागतो, आणि दम विचाराल तर दोन राऊंडमध्ये कमरेवर हात. ऐकणारे माना डोलावतात, एखादा अजून एक किस्सा जोडतो, रांग पुढे सरकते. ही तुलना मला निरुपद्रवी वाटत नाही. पोरांना हिणवायला ती सोयीची आहेच, पण आपली जबाबदारी झटकायला त्याहून सोयीची आहे.

फुटबॉलपासूनच सुरुवात करू, कारण तिथे जुन्यांची बाजू खरोखर भक्कम आहे. जालना 1956 पर्यंत हैदराबाद राज्यात होतं आणि 1958 मध्ये मराठवाडा विद्यापीठ स्थापन होईपर्यंत इकडची उच्च शिक्षणाची वाट उस्मानिया विद्यापीठाकडेच जायची. त्या उस्मानियाच्या संघातून खेळलेले सय्यद अब्दुल रहीम पेशाने शाळामास्तर. त्यांनी हैदराबाद सिटी पोलीसचा संघ असा घडवला की 1950 ते 1954 सलग पाच वर्षं मुंबईचा रोव्हर्स कप हैदराबादला गेला. त्यांच्याच हाताखाली भारत 1956 च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये चौथा आला आणि 1962 मध्ये जकार्ताच्या आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक जिंकला. आज जागतिक क्रमवारीत आपण शंभराच्या पलीकडे चाचपडतोय. मग जुनेच भारी, असं म्हणून विषय संपवायचा?

जरा तपशिलात जाऊ. मेलबर्नला संघ होते एकूण 11. हंगेरीने माघार घेतल्यामुळे आपण पहिली फेरी न खेळताच पुढे सरकलो. ऑस्ट्रेलियाला 4-2 हरवलं, त्यात नेव्हिल डिसूझाने हॅटट्रिक केली. ऑलिंपिकमध्ये हॅटट्रिक करणारा तो पहिला आशियाई खेळाडू, आणि त्या कर्तृत्वाला कोणी बोट लावू शकत नाही. पण त्याआधी चारच वर्षं, हेलसिंकीत, युगोस्लाव्हियाने आपल्याला 10-1 असं धुतलं होतं आणि तेव्हा आपले बहुतेक गडी अनवाणी होते. त्या मारानंतर बूट सक्तीचे झाले. दोन्ही वेळी प्रशिक्षक रहीमच. अनवाणी खेळण्याचे पोवाडे गाणाऱ्यांनी हेलसिंकीचा स्कोअर पाठ करून ठेवावा.

जिथे घड्याळ लावून मोजता येतं, तिथे तर निकाल उलटाच लागतो. गोपाल सैनी यांनी 1981 मध्ये 3000 मीटर स्टीपलचेस 8 मिनिटं 30.88 सेकंदांत पूर्ण केली. तो राष्ट्रीय विक्रम 37 वर्षं टिकला. 2018 मध्ये तो मोडला आपल्या शेजारच्या बीड जिल्ह्यातल्या, आष्टी तालुक्यातल्या मांडव्याच्या अविनाश साबळेने. पुढे तोच विक्रम पुन्हा पुन्हा खाली आणत 2024 मध्ये त्याने पॅरिसच्या डायमंड लीगमध्ये 8:09.91 अशी वेळ दिली. एकवीस सेकंदांचा फरक. यावरून सैनी कमी पडले असं म्हणणारा मूर्खच. साबळेच्या पायाखाली आजचा ट्रॅक आहे, पायात आजचे बूट, मागे फिजिओ, आहारतज्ज्ञ आणि परदेशातले सरावाचे महिने. सैनींना यातलं किती मिळालं असतं, आणि मिळालं असतं तर काय झालं असतं, हे कोणालाच सांगता येणार नाही.

साबळे मैदानात आला कुठल्या वाटेने, हे मात्र आपल्या जिल्ह्याने नीट पाहावं. बारावीनंतर तो फौजेत गेला. महार रेजिमेंटमधून सियाचीनची ड्युटी केली, आणि स्पर्धेत पळायला लागला तो त्यानंतर. म्हणजे खेळाडू आधी नोकरीला लागला, खेळ मागून आला. आपल्याकडे आज खरा ॲथलीट कोण, तर भरतीचं पोरगं. अंबड, भोकरदन, मंठा, कुठल्याही रस्त्याला पहाटे पाचला उभे राहा. डांबरावर दहा-बारा पोरं पळताना दिसतील. बुटाचा तळ एका बाजूने झिजलेला, मोबाईलवर स्टॉपवॉच, खोलीवर रात्री भिजत घातलेले हरभरे. पोलीस भरतीत मुलांना 1600 मीटर, 100 मीटर आणि गोळाफेक मिळून 50 गुण. मुलींना 1600 च्या जागी 800 मीटर. एवढी मेहनत करणाऱ्या या पोरांना आपण खेळाडू म्हणत नाही. मैदानी चाचणी देऊन निवड झाली नाही की पोरगं गावाकडे परत. त्याची 1600 ची वेळ काय होती, हे कुठल्याही क्रीडा कार्यालयाला कधी कळत नाही. पळणारं पोरगं नजरेसमोर पळतंय आणि आपण म्हणतोय, आजच्या पिढीत दम नाही.

जुन्या काळाशी तुलना करायचीच असेल तर खाशाबा जाधवांची गोष्ट घ्या, पण ती खाशाबांच्या बाजूने सांगू नका, त्यांच्या आजूबाजूच्या माणसांच्या बाजूने सांगा. कराडजवळच्या गोळेश्वरचा हा पैलवान कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचा विद्यार्थी. 1948 मध्ये लंडन ऑलिंपिकमध्ये सहावा आला. 1952 मध्ये हेलसिंकीला जायला पैसे नव्हते. गावोगाव वर्गणी झाली, तरी भागेना, तेव्हा कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचं घर गहाण ठेवून 7000 रुपये उभे केले. खाशाबांनी कांस्यपदक आणलं, आणि परतल्यावर कुस्त्या भरवून ते कर्ज फेडलं. 2024 मध्ये पॅरिस ऑलिंपिकमध्ये स्वप्नील कुसाळेने नेमबाजीत कांस्यपदक जिंकलं, तेव्हा महाराष्ट्राला वैयक्तिक पदकासाठी 72 वर्षं वाट पाहावी लागली होती. सरकारने लगोलग एक कोटी जाहीर केले. द्यायलाच हवे होते. पण फरक बघा: ते सात हजार पदकाच्या आधी आले, हे कोटी पदकानंतर.

आजच्या प्राचार्याने घर गहाण ठेवावं, असं मी म्हणत नाही. एका भल्या माणसाच्या घरावर ऑलिंपिकची मोहीम उभी राहावी लागते, ही त्या काळाची लाजच होती. त्याच खाशाबांना हयातीत अर्जुन पुरस्कार मिळाला नाही. 1984 मध्ये ते अपघातात गेले आणि पुरस्कार नंतर मरणोत्तर आला. तेव्हा सुवर्णकाळ वगैरे कोणी सांगू नये. शिवाय त्या काळात मैदानावर होतं तरी कोण? कॉलेजपर्यंत पोचलेली मूठभर मुलंच. मुली नव्हत्याच म्हटलं तरी चालेल. गावकुसाबाहेरच्या पोराला तालमीत किती सहज शिरता यायचं, हे जुन्यांनी प्रामाणिकपणे आठवावं. 2025 च्या जानेवारीत दिल्लीला खो-खोचा पहिला विश्वचषक झाला, आणि भारताच्या मुलींनी तो जिंकला तेव्हा कर्णधार होती मूळची बीड जिल्ह्यातली प्रियंका इंगळे. तिची तुलना जुन्या कुठल्या स्टारशी करणार? तिच्या आजीच्या पिढीला कोणी मैदानात उतरूच दिलं नव्हतं.

आणि तुलनेने काय होतं, हे जालन्याने स्वतः पाहिलंय. 2011 मध्ये आपल्या विजय झोलने कूचबिहार करंडकात आसामविरुद्ध नाबाद 451 धावा केल्या. पोरगा सतरा वर्षांचा. लगेच दुसरा सचिन सापडल्याची चर्चा. 2014 च्या एकोणीस वर्षांखालील विश्वचषकात तो भारताचा कर्णधार होता. पुढे भारताच्या मुख्य संघाचं दार उघडलं नाही, तर तीच तोंडं विचारायला लागली, ‘काय झालं हो त्याचं?’ इतकं गाठणारे जिल्ह्यात किती निघाले, याचा हिशेब कोणी केला नाही.

स्टील आणि बियाण्यांनी या शहरात पैसा आणला. तो खेळावर खर्च होत नाही असंही नाही. पुढाऱ्याच्या वाढदिवसाला कबड्डीचे डे-नाईट सामने, लाखाचं पहिलं बक्षीस, चौकाचौकात फ्लेक्स. फ्लेक्सवर खेळाडूचा फोटो शोधावा लागतो, ही गोष्ट वेगळी. चार दिवसांनी मॅट गुंडाळलं जातं आणि ग्राऊंड प्रदर्शनाला भाड्याने जातं. शाळेत पीटीचा तास दिवाळीनंतर गणिताला जातो. पीटीचे सर निवृत्त झाले की ती जागा रिकामीच. सरकारी नोकरीत खेळाडूंना 5 टक्के आरक्षण आहे, पण मराठवाड्यात त्याचा गाजावाजा झाला तो बोगस क्रीडा प्रमाणपत्रांमुळे. कधी पळाला नाही तो कागदावर पळाला आणि खऱ्याची जागा घेऊन बसला. जुने खेळाडू महान होते म्हणणाऱ्यांनी या चोरीवर तोंड उघडल्याचं मी फार ऐकलेलं नाही.

एक साधं काम मात्र उद्यापासून होण्यासारखं आहे, त्याला ना मंत्री लागतो ना निधी. खाशाबांचा जन्मदिवस, 15 जानेवारी, आता राज्य क्रीडा दिन आहे. त्या दिवशी फोटोला हार घालून झाला की शाळेने टेप लावून मैदानावर फक्कीने ट्रॅक आखावा, जागा असेल तर 400 मीटरचा, नाहीतर 200 चा. प्रत्येक मुलामुलीला पळवावं आणि एका जाड वहीत लिहावं: नाव, वय, अंतर, वेळ, बूट होते की अनवाणी, माती की डांबर. दरवर्षी तीच वही, तोच ट्रॅक. गावातल्या भरतीच्या पोरांनाही त्यात पळू द्यावं. चांगली वेळ निघाली तर त्याच आठवड्यात ती तालुक्याला, जिल्हा क्रीडा अधिकाऱ्याला कळवावी, आणि गावातल्या ज्याला फ्लेक्स लावायची हौस आहे त्याच्याकडून त्या पोराचे बूट आणि दुधाचा रतीब आताच मागून घ्यावा. माजी विद्यार्थ्यांच्या मेळाव्यातही ही वही ठेवावी. ज्यांना आपल्या काळातल्या 100 मीटरच्या वेळेची खात्री आहे, त्यांनी तिथे ती लिहून खाली सही करावी.