सहचराचा न्याय

कथेतील नायकाच्या कृतीचा न्याय कोणी करायचा, हा प्रश्न विचारला गेला की समीक्षेची नजर बहुधा लेखक, निवेदक आणि वाचक या तिघांकडे वळते. नायकाबरोबर चालणारा, त्याच्या कृतींना साक्षी असणारा आणि त्या कृतींची झळ स्वतः सोसणारा सहचर मात्र या न्यायसभेत सहसा बाजूलाच बसवला जातो. संगणकावर खेळल्या जाणाऱ्या अद्भुतरम्य भूमिका-खेळांनी, म्हणजे ज्यांना रोल-प्लेइंग गेम म्हटले जाते त्यांनी, या उपेक्षित न्यायाधीशाला पुन्हा मध्यभागी आणले आहे. तिथे खेळाडू नायकाची भूमिका घेतो, त्याच्याबरोबर तीन-चार सहचर चालतात आणि त्याच्या प्रत्येक महत्त्वाच्या निर्णयावर ते पसंती किंवा नापसंती नोंदवतात. या नोंदीला नैतिक न्याय म्हणता येईल काय, हा येथील प्रश्न आहे. तो केवळ खेळांपुरता नाही. डहाणू-तलासरीच्या परिसरात घडलेल्या एका लढ्याची संहिता या प्रश्नासमोर ठेवली, तर त्याचे खरे स्वरूप अधिक स्पष्ट होते.

प्रथम या खेळांतील व्यवस्था पाहणे आवश्यक आहे. १९९८ सालच्या ‘बॉल्डर्स गेट’ या खेळात संपूर्ण चमूची मिळून एक लौकिकसंख्या असे. ती फार घसरली की सद्वृत्त सहचर कुरकुर करीत आणि अखेर सोडून जात; ती फार चढली की दुर्वृत्त सहचरही तसेच करीत. २००९ सालच्या ‘ड्रॅगन एज : ओरिजिन्स’ने हा हिशेब प्रत्येक सहचराच्या नावे स्वतंत्र मांडला. उणे शंभर ते अधिक शंभर अशा पट्टीवर त्याची मर्जी मोजली जाते, आवडीच्या भेटवस्तू देऊन ती वाढवता येते आणि ती पुरेशी वाढली की त्याचे लढण्याचे बळही वाढते. २०२३ सालच्या ‘बॉल्डर्स गेट ३’मध्ये अमुक सहचराला ही कृती पसंत पडली अथवा पडली नाही, अशी सूचना पडद्यावर तत्काळ उमटते. आश्रयाला आलेल्या निर्वासितांवर खेळाडूने हल्ला घडवून आणला, तर काही सहचर त्याची साथ कायमची सोडतात.

या व्यवस्थेवर तीन आक्षेप संभवतात. पहिला मोजण्याचा. क्रोध, लज्जा, विश्वासभंग या भिन्न जातीच्या प्रतिक्रिया एकाच पट्टीवर आल्या की त्यांतील गुणभेद नाहीसा होतो. एका विश्वासघाताची भरपाई दोन-चार गोड संवादांनी होऊ शकते. दुसरा आक्षेप खरेदीचा. भेट देऊन जो अनुकूल होतो त्याच्या अनुकूलतेला न्याय म्हणता येत नाही. तिसरा आक्षेप अधिक सूक्ष्म आहे आणि तो चुकवण्याचा आहे. बहुतेक खेळांत सहचराची प्रतिक्रिया तो प्रसंगी हजर असला तरच नोंदली जाते. त्यामुळे सराईत खेळाडू एखादे दुष्कृत्य करण्यापूर्वी ज्याला ते रुचणार नाही त्याला तळावर ठेवून जातो.

हा तिसरा प्रकार नवा नाही. कालिदासाच्या ‘शाकुंतला’त दुसऱ्या अंकाच्या शेवटी दुष्यंत विदूषकाला राजधानीकडे रवाना करतो आणि जाता जाता शकुंतलेविषयी आपण बोललो ती निव्वळ थट्टा होती असे त्याला सांगतो. पाचव्या अंकात शकुंतला दरबारात येते तेव्हाही विदूषक नेमका हंसपदिकेची समजूत घालायला गेलेला असतो. पुढे राजाला स्मरण होते आणि तू मला आठवण का करून दिली नाहीस, असे तो विचारतो, तेव्हा विदूषकापाशी एकच उत्तर उरते : ती थट्टा आहे असे आपणच सांगितले होते. शापाची योजना राजाला दोषमुक्त करते. परंतु साक्षीदाराला दूर धाडण्याची कृती शापाच्या आधीची आहे, ती राजाची स्वतःची आहे. सहचराचा न्याय चुकवण्याची गरज वाटणे म्हणजेच त्याचा अधिकार मनोमन मान्य करणे होय.

हा अधिकार कोठून येतो? ॲडम स्मिथने १७५९ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या नीतिविषयक ग्रंथात निःपक्षपाती प्रेक्षकाची कल्पना मांडली. ज्याचे हितसंबंध गुंतलेले नाहीत अशा प्रेक्षकाच्या दृष्टीने स्वतःकडे पाहता येणे, हे नैतिक विवेकाचे लक्षण ठरले. सहचर याच्या नेमका उलट आहे. तो पक्षपाती आहे, गुंतलेला आहे, आणि त्याचा अधिकार या गुंतलेपणातूनच निर्माण होतो. वनपर्वातील द्रौपदी युधिष्ठिराच्या क्षमाशीलतेला बोल लावते तेव्हा ती तटस्थ नसते. द्यूताचा डाव तिने मांडलेला नाही, पण वनवास तिने भोगलेला आहे. निर्णयात वाटा नाही आणि परिणामात मात्र पूर्ण वाटा आहे, ही सहचराची मूलभूत स्थिती होय. म्हणून त्याचा न्याय प्रेक्षकाच्या न्यायापेक्षा निराळा असतो. प्रेक्षक कृती योग्य होती काय असे विचारतो. सहचर ‘तू हे माझ्यावर का आणलेस?’ असे विचारतो.

काही खेळांनी या स्थितीची जाण दाखवली आहे, हेही नमूद केले पाहिजे. २०११ सालच्या ‘ड्रॅगन एज २’मध्ये मर्जीच्या पट्टीची दोन टोके मैत्री आणि प्रतिस्पर्धा अशी आहेत; सतत विरोध करणारा सहचरही निष्ठावंत राहू शकतो. मतभेद आणि विच्छेद यांत अंतर असते, हे तिथे मान्य झाले. १९९९ सालच्या ‘प्लेनस्केप : टॉरमेंट’चा नायक स्मृती गमावलेला आहे. त्याचा एक सहचर डॅकॉन शब्दाने त्याला बांधलेला आहे. ज्या ग्रंथाने डॅकॉनची ढासळलेली श्रद्धा सावरली, तो ग्रंथ नायकाने आपल्या एका पूर्वजन्मात त्याला स्वतःशी जखडून ठेवण्याच्या हेतूनेच दिला होता, हे कालांतराने उघड होते. येथे प्रश्न फार खोल जातो. सहचर ज्या मूल्यांनी न्याय करणार ती मूल्येच नायकाने आपल्या सोयीसाठी पुरवलेली असतील, तर त्या न्यायाचे मोल काय?

तरीही या सर्व खेळांना एक मर्यादा आहे. सहचराचे नैतिक जीवन खेळाडूभोवती फिरते. खेळाडू थांबला की जग थांबते. त्याच्या पश्चात सहचराला कोणताही निर्णय घ्यावा लागत नाही. ही मर्यादा तंत्राची की ‘सहचर’ या कल्पनेचीच, हे पाहण्यासाठी गोदावरी परुळेकर यांच्या ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या पुस्तकाकडे वळता येते. १९७० साली प्रसिद्ध झालेल्या आणि १९७२ चा साहित्य अकादमी पुरस्कार लाभलेल्या या पुस्तकात तत्कालीन ठाणे जिल्ह्यातील डहाणू, उंबरगाव या तालुक्यांतील वारल्यांच्या लढ्याचा वृत्तांत आहे. हा प्रदेश २०१४ पासून पालघर जिल्ह्यात मोडतो. उंबरगाव तालुक्याचा काही भाग राज्यनिर्मितीच्या वेळी गुजरातेत गेला. पुस्तकाची निवेदक प्रथमपुरुषी आहे : बाहेरून आलेली, शहरी, कायद्याचे शिक्षण घेतलेली कार्यकर्ती. प्रथमदर्शनी नायिका ती आणि वारली तिचे सहचर, अशीच मांडणी वाटते.

परंतु शीर्षकाचे व्याकरण निराळे आहे. जागा होणारा ‘माणूस’ निवेदक नव्हे. वेठ आणि लग्नगडीची पद्धत ज्याने पिढ्यान्‌पिढ्या सोसली, लग्नासाठी घेतलेल्या कर्जापायी जो जमीनदाराच्या दारी बांधला गेला, तो वारली या वाक्याचा कर्ता आहे. २३ मे १९४५ रोजी आज तलासरी तालुक्यात असलेल्या झरी या गावी जी परिषद झाली तिने वेठ करायची नाही, रोज बारा आणे रोख मजुरी मिळाल्याशिवाय जमीनदाराच्या खाजगी शेतावर राबायचे नाही, मारहाणीला एकजुटीने तोंड द्यायचे, असे ठरवले. या ठरावांत एक महत्त्वाची गोष्ट आहे. ते नेत्याने अनुयायांकडून घेतलेले वचन नाही. जमलेल्या प्रत्येकाने इतर प्रत्येकाला दिलेले ते वचन आहे. खेळातील पसंतीची पट्टी एकाच दिशेने पाहते, ठराव मात्र सर्व दिशांनी बांधतो. सभेला येणे म्हणजे जमीनदाराचा रोष ओढवून घेणे, हे ठाऊक असताना पुढच्या सभेला येणे किंवा न येणे, हाच तिथल्या सहचराचा न्याय होता.

१० ऑक्टोबर १९४५ ला तलवाडा येथे या न्यायाची कसोटी लागली. गवतकापणीच्या दरासाठी संप चालू होता. गोदावरी परुळेकरांच्या जिवाला धोका असल्याची आवई उठवली गेली आणि ती ऐकून वारली मोठ्या संख्येने जमले. पोलिसांनी गोळीबार केला. जेठ्या गांगड यांच्यासह पाच जण ठार झाले. जिच्या रक्षणासाठी लोक आले ती तिथे नव्हती. खेळाच्या भाषेत बोलायचे तर पसंतीची पट्टी येथे शेवटच्या टोकाला पोहोचली होती. खेळात त्या टोकाला नायकाच्या चमूचे बळ वाढते. तलवाड्यात त्या टोकाला सहचराचा मृत्यू आहे. सहचराचा विश्वास ही नायकाची मिळकत नसून त्याच्यावर चढलेले ऋण आहे, आणि विश्वास जितका मोठा तितके ते ऋण फेडण्यापलीकडचे, ही गोष्ट कोणतीही पट्टी दाखवू शकत नाही. म्हणूनच नापसंतीपेक्षा पसंती नैतिकदृष्ट्या अधिक कठीण आहे. नापसंती असेल तर उत्तर देता येते. संपूर्ण विश्वासाला उत्तर देण्यासाठी आयुष्य त्याच्या लायकीचे ठेवावे लागते.

यावर एक रास्त आक्षेप घेता येईल. वारल्यांचा न्यायही अखेर निवेदकाच्याच लेखणीतून वाचकापर्यंत पोहोचतो. खेळाचा कर्ता जसा सहचराच्या तोंडी शब्द घालतो, तशीच आत्मकथनाची लेखिकाही निवड करते, गाळते, क्रम लावते. हे खरेच आहे आणि पुस्तकाचे वाचन करताना ते विसरता कामा नये. वारल्यांनी स्वतः लिहिलेला समांतर वृत्तांत त्या काळातून हाती नसावा, यात त्या समाजाला अक्षरापासून दूर ठेवणाऱ्या व्यवस्थेचाच पुरावा आहे. तथापि एक फरक उरतो. डॅकॉनला खेळाबाहेर अस्तित्व नाही. झरीच्या सभेला आलेल्या माणसांना पुस्तकाबाहेर अस्तित्व होते. परुळेकर दांपत्याला सरकारने जिल्ह्यातून हद्दपार केले तेव्हाही लढा थांबला नाही. तो वारल्यांनी चालवला. नायक दृश्यातून बाहेर गेल्यावर सहचर काय करतो, यावरून तो खरोखर सहचर होता की नायकाची सावली, हे ठरते. लेखिकेने आपल्या अनुपस्थितीतील या पर्वालाही वृत्तांतात स्थान दिले, म्हणजेच स्वतःच्या नायकत्वाविरुद्धचा पुरावा आपल्याच संहितेत ठेवला. या पुस्तकाची नैतिक प्रामाणिकता तिथे आहे.

यावरून खेळांविषयीचा निष्कर्ष काढता येतो. सहचराची नापसंती अंकांत मोजली जाते हा त्यांतला मुख्य दोष नव्हे; बाजारापासून परीक्षेपर्यंत माणसाची किंमत अंकांत करण्याची सवय समाजाला आधीपासूनच आहे. मुख्य दोष हा की तिथे सहचराला न्याय करण्याचा अधिकार दिला जातो, पण स्वतः कर्ता होण्याचा दिला जात नाही. ज्याला निर्णय घेता येत नाही त्याचा न्याय हा तक्रारीच्या पातळीवरच राहतो, आणि तक्रार भेटवस्तूने शमवता येते. ज्या दिवशी खेळाडू तळावर परतेल आणि सहचर त्याच्यावाचून, त्याच्या परवानगीवाचून आपले ठराव करून बसलेले त्याला आढळतील, त्या दिवशी त्या न्यायाला उत्तर देण्यावाचून त्याला गत्यंतर राहणार नाही.