दूरदेशींचें गाणें

गेल्या दिवाळीपासून आमच्या घरीं एक वही उघडी पडली आहे. तिच्या पहिल्या पानावर आमच्या मुलीनें मोठ्या अक्षरांत ‘एडिंबरो’ असें लिहिलें असून खालीं खर्चाचीं कलमें मांडलीं आहेत: मुंबईपर्यंतचा प्रवास, विमानाचें जाणें-येणें, ब्रिटनचा व्हिसा, गरम कपडे, आठ रात्रींचा मुक्काम, चार मैफलींचीं तिकिटें. स्कॉटलंडच्या त्या राजधानींत दर ऑगस्ट महिन्यांत तीन आठवडे संगीत-नाट्याचा जो उत्सव भरतो, त्यास येत्या वर्षीं जाऊन यावें असा हा बेत आहे. तिकिटें त्या मानानें फार महाग नाहींत. महाग आहे ती रात्रीची खोली, कारण त्या महिन्यांत त्या गांवांत माणूस मावत नाहीं आणि घरमालकांस हें पुरतें ठाऊक असतें. बेरीज पांच लाखांच्या पुढें गेली तेव्हां आम्हीं चष्मा पुसून ती पुन्हां केली. ती तेवढीच आली.

आम्ही राहतों अंकुशनगरास. जालना जिल्ह्याच्या अंबड तालुक्यांत, गोदावरीच्या अलीकडे, सहकारी साखर कारखान्याभोंवतीं हें गांव वसलें आहे. गांवाला कै. अंकुशराव टोपे यांचें नांव आहे, कारखान्याच्या नांवांत समर्थ आहेत, आणि रामदासांचें जन्मस्थान जांब येथून दूर नाहीं. येथील पंचांगांत ऋतु दोनच: गव्हाणींत मोळी पडली कीं एक सुरू होतो, पट्टा पडला कीं दुसरा. कारखान्याच्या हिशेब-खात्यांत आमचीं तीस वर्षें गेलीं. अशा ठिकाणीं बसून स्कॉटलंडच्या उत्सवाचा बेत करणारा मनुष्य शेजाऱ्यांस किंचित् भ्रमिष्ट वाटला, तर तो त्यांचा दोष नव्हे.

या वेडाचें मूळ एका ध्वनिमुद्रिकेंत आहे. आमचे वडील हैदराबादेस शिकत असतांना त्यांनीं जुन्या बाजारांतून दोन तबकड्यांचा एक संच विकत घेतला. रचना मालर या संगीतकाराची, वाद्यवृंद व्हिएन्नाचा, संचालक ब्रूनो वॉल्टर, आणि गाणारांपैकीं एक कॅथलीन फेरियर. १९५२ सालीं व्हिएन्नांत तिचें मुद्रण झालें आणि पुढच्याच वर्षीं फेरियर कर्करोगानें वारली. त्या रचनेंतील शेवटचें गीत निरोपाचें आहे. मूळ चिनी कवितांच्या जर्मन रूपांतरावर तें बेतलेलें आहे. वडिलांस जर्मन येत नव्हतें, आम्हांसही येत नाहीं. तथापि उन्हाळ्याच्या रात्रीं अंगणांत फोनो लावून ते हें गीत ऐकत, आणि तें संपल्यावर बराच वेळ कोणाशीं बोलत नसत. हीच फेरियर याच वॉल्टरबरोबर हीच रचना एडिंबरोच्या पहिल्या उत्सवांत गायिली होती, असें त्यांनीं कोठेंतरी वाचलें होतें. तें गांव एकदां पाहिलें पाहिजे, असें ते म्हणत. त्यांच्या हातून तें झालें नाहीं.

बेताची वार्ता बाहेर फुटल्यावर पहिला आक्षेप आला तो समजण्याचा. ‘तुम्हांला तें संगीत कळतें का?’ याचें उत्तर सोपें आहे. दरबारी ऐकतांना डोलणाऱ्या शंभर जणांपैकीं किती जणांस त्यांतील गांधार ओळखतां येतो, हें विचारून पाहावें. दुसरा आक्षेप एका वृद्ध स्नेह्यांनीं घेतला व तो अधिक वजनदार होता. ते म्हणाले, ‘पुण्यास सवाई गंधर्वांचा उत्सव आहे, आपल्या अंबडास दत्तजयंतीला गाणें होतें. जवळचें टाकून लांबचें ऐकावयास जाणें ही रसिकता, कीं मिरवणूक?’

मिरवणुकीचा आरोप आम्ही सर्वस्वीं नाकारीत नाहीं. परत आल्यावर चार ठिकाणीं सांगतां येईल, हा विचार मनांत मुळींच आला नाहीं असें म्हणणें खोटें होईल. परंतु जवळचें आणि लांबचें हीं एकमेकांच्या वैरी आहेत, हें आम्हांस मान्य नाहीं. पंडित भीमसेन जोशी यांची गोष्ट पाहा. तेही एका ध्वनिमुद्रिकेनेंच झपाटले गेले. ती अब्दुल करीम खांसाहेबांची होती. १९३३ सालीं अकराव्या वर्षीं ते गदगच्या घरांतून पळाले, तिकीट नसतां गाडींत उतारूंस गाऊन दाखवीत ग्वाल्हेर, कलकत्ता करीत जालंधरास पोहोंचले. तेथें १८७५ पासून चालत आलेला हरवल्लभ संगीत-संमेलनाचा उत्सव आहे. त्या उत्सवास आलेल्या विनायकबुवा पटवर्धनांनीं या मुलास सांगितलें कीं, तूं ज्याला शोधतोस तो गुरु तुझ्या घराजवळ आहे, सवाई गंधर्वांकडे जा. सवाई गंधर्व राहात होते कुंदगोळास, म्हणजे मुलाच्या स्वतःच्याच प्रांतांत! आतां हा मुलगा घरींच बसला असता तर त्यास कुंदगोळचा पत्ता कोणी दिला असता? ज्या उत्सवाचें नांव आमच्या स्नेह्यांनीं घेतलें, तो १९५३ सालीं याच मुलानें गुरूच्या स्मरणार्थ सुरू केला. पंजाबांतल्या एका दूरच्या उत्सवाचें ऋण पुण्याच्या मंडपावर आहे.

आमचे स्नेही हें ऐकून हंसले. ते म्हणाले, ‘भीमसेन फुकट गेले होते; तुम्ही पांच लाख देऊन चाललां.’

येथें आम्हांस थांबावें लागलें, कारण खरा प्रश्न हाच आहे. आम्हीं जें पहिलें उत्तर मनांत जुळविलें तें असें: हे पांच लाख घरीं राहिले तर बँकेंत पडतील, आणि पुढें मुलीच्या लग्नांत एका दिवसांत जातील. आमच्या जिल्ह्यांत दोन हजार पानें उठविणाऱ्या, कानठळ्या बसविणाऱ्या वाजंत्रीच्या लग्नास उधळपट्टी म्हणणारा कोणी भेटत नाहीं. समाज नीतीचा प्रश्न विचारतो तो ज्या सुखांत त्याचें पान मांडलेलें नसतें त्याच सुखाविषयीं. हें उत्तर आम्हांस मोठें झणझणीत वाटलें होतें. दुसऱ्या दिवशीं तें फिकें लागलें. शेजारी अधिक उधळतो, एवढ्यावरून आमचा खर्च योग्य ठरत नाहीं.

मग आम्ही त्या पहिल्या उत्सवाचीच हकीकत पुन्हां वाचली. १९४७ च्या आरंभीं ब्रिटनमध्यें भयंकर हिवाळा पडला होता. युद्ध जिंकलेला तो देश अन्नाच्या आणि कापडाच्या शिधापत्रिकांवर जगत होता, कोळसा मिळत नव्हता. अशा वर्षीं, २४ ऑगस्टला, रूडॉल्फ बिंग नांवाच्या एका ऑस्ट्रियन निर्वासिताच्या कल्पनेवरून एडिंबरोस उत्सव उघडला. ज्या व्हिएन्नांतून नाझींमुळें वॉल्टर परागंदा झाला होता, तेथीलच वाद्यवृंद त्याला तेथें पुन्हां भेटला. गाण्याच्या शेवटीं फेरियरला रडूं आवरेना व अखेरचे शब्द तिच्या तोंडून उमटले नाहींत, असें सांगतात. हिंदुस्थान स्वतंत्र होऊन तेव्हां नऊ दिवस झाले होते. आमचा मराठवाडा मात्र अद्यापि निजामाच्या अमलाखालीं होता व पुढें तेरा महिने तसाच राहिला.

त्या हकीकतींतील एक गोष्ट आमच्या मनांतून जात नाहीं. उत्सवाच्या रात्रीं गांवाच्या टेकडीवरील किल्ला दिव्यांनीं उजळावा असें लोकांस वाटत होतें. इंधन-खात्याच्या मंत्र्यानें त्यास नकार दिला. तेव्हां गांवकऱ्यांनीं आपापल्या वाट्याचा कोळसा देऊं केला, आणि शेवटीं कांहीं रात्रीं किल्ला उजळला. आदल्या हिवाळ्यांत थंडीनें काकडलेल्या माणसांनीं उद्यांची ऊब कमी करून दगडी भिंतीवर उजेड पाडला. हा शहाणपणा नव्हे, हें उघड आहे. तरी त्यांस कोणी उधळे म्हणेल असें वाटत नाहीं. टंचाईच्या दिवसांत उत्सव करूं नये, हा नियम आम्हीं लहानपणापासून ऐकला; त्याचें इतकें सुंदर खंडन आम्हांस दुसरें ठाऊक नाहीं.

परंतु तो कोळसा त्यांचा स्वतःचा होता. आम्ही जाळणार तो कोणाचा?

आमच्या कुंपणापलीकडे दसऱ्यानंतर ऊंसतोडीच्या टोळ्यांच्या कोप्या पडतात. नवरा-बायको मिळून एक कोयता, असा त्यांचा हिशेब. मुकादम पावसाळ्यांतच त्यांस उचल देतो. ती आजारपणांत, लग्नांत, जुन्या देण्यांत संपते, आणि मग ती फेडण्यासाठीं सारा हिवाळा पहांटेच्या थंडींत ऊंस तोडावा लागतो. आमच्या वहीकडे पाहतां पाहतां एके रात्रीं आमच्या ध्यानांत आलें कीं, या दोन्ही गोष्टी एकाच जातीच्या आहेत. आम्हीही पुढच्या वर्षाचा व्यवहार आज करीत आहों. फरक इतकाच कीं, आम्ही पुढचा ऑगस्ट आज विकत घेतों आणि त्यांचा पुढचा हिवाळा आजच विकला गेलेला असतो. पुढील वर्षाचा बेत करतां येणें हीच खरी श्रीमंती, तिकिटाची किंमत ही त्या मानानें क्षुल्लक बाब. आणि ज्या कारखान्याच्या पगारांतून आमची पुंजी सांठली, त्याच्या गव्हाणींतली मोळी याच कोयत्यांनीं बांधलेली होती.

एका मित्रानें तोड सुचविली: तितकीच रक्कम या लोकांच्या मुलांच्या साखरशाळेस द्यावी, म्हणजे मन मोकळें होईल. आम्ही ती घेतली नाहीं. शाळेस द्यावयाचें तें आम्ही एडिंबरोस गेलों काय किंवा न गेलों काय, दिलेंच पाहिजे. परदेशगमनाचा परवाना म्हणून दिलेलें दान हें त्या मुलांचा उपयोग आमच्या झोंपेसाठीं करणें होय. आणि न जाण्यानें त्यांची उचल फिटते, असेंही नाहीं. यावर आमच्या घरांतून एक वाक्य आलें तें नमूद करतों: ‘तिच्यासाठीं म्हणून आपण राहिलों, हें तिला ऐकवायचें झालें तर कोणत्या तोंडानें ऐकवाल?’

‘तिला’ म्हणजे कोणाला, हें सांगितलें पाहिजे. अलीकडच्या कोपींत एक बाई आहे. पहांटे चारच्या सुमारास भाकऱ्या थापतांना ती गाते. गेलीं तीस वर्षें अशी कोणी ना कोणी तेथें गात असणार. आम्हीं कधीं कान दिला नव्हता. वही उघडल्यापासून पहांटे झोंप लागत नाहीं, म्हणून ऐकूं आलें. मोठें गोड गाणें आहे असें लिहून आम्ही वाचकांची समजूत घालणार नाहीं. गळा थंडीनें बसलेला असतो आणि मध्येंच ती मुलावर ओरडते. एक खालची सुरावट मात्र ती पुन्हां पुन्हां घेते आणि तेथें ती क्षणभर रेंगाळते. वडिलांच्या तबकडींत शेवटीं तो आवाज असाच खालीं येऊन रेंगाळतो. सादृश्य खरें कीं आमच्या कानांचें, हें ठरविण्याइतकें ज्ञान आम्हांस नाहीं.

गेल्या आठवड्यांत ती पाणी मागावयास आली असतां ओट्यावर ती वही पडली होती. मुलीनें तिला किल्ल्याचें चित्र दाखविलें.

‘काय हाय तिथं?’

‘गाणं असतं, मावशी. ऐकायला जायचं आहे.’

तिला याचें नवल वाटलें नाहीं. गाण्यासाठीं पंढरीपर्यंत चालत जाणारीं माणसें तिच्या घरांत असतील. तिनें एवढेंच विचारलें, ‘आन् माघारी कवा?’

मुलीनें परतीची तारीख दाखविली. बाईनें बोटांवर महिने मोजले. ‘मंग दसऱ्याच्या आत येता तुमी. आमी येऊस्तवर असाल घरी.’ घागर कमरेवर घेऊन ती गेली.

उत्सवाची कार्यक्रमपत्रिका बहुधा वसंताच्या सुमारास प्रसिद्ध होते. तोंवर येथें पट्टा पडण्याचे दिवस येतील व कोप्या उठतील. वहींत मुक्कामाच्या खोलीपुढें अद्यापि प्रश्नचिन्ह आहे. विमानाच्या तिकिटापुढें मुलीनें काल खूण केली, आणि आम्हीं ती खोडली नाहीं.