गळा तिचा, गादी त्याची

शिकागोच्या थॉमस डॉर्सींना गॉस्पेल संगीताचे जनक म्हणतात. त्यांच्या गाण्यांच्या छापील प्रती १९३०च्या दशकात हातोहात खपत होत्या, पण आलेल्या पैशाचा ताळमेळ नव्हता. तो बसवला सॅली मार्टिन यांनी. बाईंचा आवाज खरखरीत, नोटेशन वाचता येत नसे, आणि डॉर्सींना त्यांचं गाणं फारसं रुचतही नसे. पण त्यांनी हिशेब हातात घेतला, गावोगावच्या चर्चमध्ये गाणी म्हणून दाखवली, कॉयर उभे केले आणि धंदा फायद्यात आणला. १९४० मध्ये त्या बाहेर पडल्या आणि केनेथ मॉरिस यांच्यासोबत स्वतःची प्रकाशनसंस्था काढली. मार्टिन अँड मॉरिस हे नाव पुढे या क्षेत्रात अग्रगण्य ठरलं.

अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या या संगीतात स्त्रियांना मज्जाव कधीच नव्हता. महालिया जॅक्सन, क्लारा वॉर्ड, रॉबर्टा मार्टिन ही नावं वगळली तर गॉस्पेलचा सुवर्णकाळ उरतोच किती? बाकांवर बसणाऱ्या मंडळीतही बायकाच जास्त. भेदभाव होता तो चार पायऱ्या वर, पाळक जिथून उपदेश करतो त्या जागी. ‘चर्च ऑफ गॉड इन क्राइस्ट’ या मोठ्या पंथाच्या अधिकृत भूमिकेनुसार आजही स्त्रीला पाळकपदाची दीक्षा दिली जात नाही. अनेक बॅप्टिस्ट चर्चमध्ये बाईला बोलायचंच असेल तर खाली, जमिनीवरच्या स्टँडपाशी उभं राहून बोलावं लागे. गायला मात्र कुणाची हरकत नव्हती.

या सवलतीचा गायिका विली मे फोर्ड स्मिथ यांनी पुरेपूर उपयोग केला. गाण्याच्या आधी आणि मध्येमध्ये त्या बोलत; ऐकणाऱ्याला तो उपदेशच वाटे, आणि तो उपदेशच होता. १९८२ च्या ‘से आमेन, समबडी’ या माहितीपटात सत्तरी ओलांडलेल्या या आजीला तिचाच नातू सांगतो की बाईने उपदेश करणं बरोबर नाही. आजी गप्प बसत नाही. त्याच चित्रपटात गायिका डेलोइस बॅरेट कॅम्पबेल यांचे पाळक पती बायकोच्या दौऱ्यांवर नाराज दिसतात. तिने आपल्या चर्चच्या कामात हातभार लावावा, ही त्यांची अपेक्षा. गाणं हे तिचं काम आहे, हे त्यांच्या हिशेबातच नाही.

हा वाद निव्वळ धर्मशास्त्राचा म्हणून सोडून देता येत नाही, कारण गॉस्पेलचा बाजार चर्चमध्येच भरत असे. कुणाला बोलवायचं आणि जमलेल्या अर्पणातून गायिकेच्या हाती काय ठेवायचं, यात पाळकाचा शब्द मोठा. ज्याच्याकडे स्वतःचं चर्च त्याच्याकडे कॉयर, श्रोते आणि कायमचा पत्ता. जेम्स क्लीव्हलंड यांनी अल्बर्टिना वॉकर यांच्या ‘कॅरव्हान्स’ या गायकवृंदात पियानो वाजवला, १९६०च्या दशकाच्या अखेरीस त्यांनी देशव्यापी गॉस्पेल कार्यशाळा स्थापन केली आणि पुढे लॉस एंजेलिसमध्ये स्वतःचं चर्चही उभारलं. कॅरव्हान्समधल्याच शर्ली सीझर नॉर्थ कॅरोलायनात पाळक झाल्या, पण स्त्रियांची अशी उदाहरणं मोजकीच.

गॉस्पेल गायिका सिस्टर रोझेटा थार्प यांची गोष्ट चर्चबाहेरची. इलेक्ट्रिक गिटारवर बोटं अशी फिरत की ‘बाई असून पुरुषासारखी वाजवते’ ही दाद त्यांना जन्मभर मिळाली. (ही दाद आहे असं देणाऱ्यांना मनापासून वाटत असे.) १९४७ मध्ये मेकन गावी त्यांनी एका चौदा वर्षांच्या पोराला रंगमंचावर बोलावून गायला लावलं, तो लिटल रिचर्ड. रॉक अँड रोल हॉल ऑफ फेमने त्याला १९८६ मध्ये, पहिल्याच तुकडीत घेतलं. थार्प १९७३ मध्ये वारल्या, त्यांच्या थडग्यावर कित्येक वर्षं साधा दगडही नव्हता, आणि हॉल ऑफ फेमला त्यांची आठवण झाली २०१८ मध्ये. यात वर्णभेद किती आणि लिंगभेद किती, हे वेगळं काढणं अवघड आहे.

सीसी वायनन्स किंवा टमेला मान या गॉस्पेल गायिकांचा आजचा खप दाखवून ‘आता कुठे राहिलाय भेदभाव?’ असं विचारलं जातं. टमेला मान आधी गात होत्या त्या कर्क फ्रँकलिन यांच्या गायकवृंदात. फ्रँकलिन गाणी रचतात, बसवतात, समोर उभे राहून वृंदाला चेतवतात. स्वतः फारसे गात नाहीत. अल्बमवर ठळक नाव त्यांचंच असतं.