मोकळे सोडणे आणि सोडून देणे

मराठीत ‘सोडणे’ या क्रियापदाला दोन तोंडे आहेत. सकाळी गोठ्यातील गाय आपण चरायला सोडतो, आणि भाकड झालेली गाय रात्रीच्या अंधारात गावाच्या शिवेबाहेर सोडून येतो. लेकराला आई अंगणात मोकळे सोडते, आणि एखादी अभागी आई त्याला वाऱ्यावरही सोडते. भाषेने दोहोंसाठी शब्द एकच ठेवला आहे. त्यातील भेद माणसाने ओळखायचा असतो.

अलीकडे आपल्या धर्मग्रामांतील तरुण आईबापांच्या तोंडून ‘आम्ही मुलांना मोकळेपणाने वाढवतो’ हे वाक्य वारंवार ऐकू येते. ऐकायला ते बरे वाटते. परंतु जो जीव आपल्या घासावर अवलंबून आहे, मग ते लेकरू असो की दावणीची बकरी, तो खऱ्या अर्थाने मोकळा असू शकतो काय? ज्याला आपण खाऊ घालतो त्याच्यावर आपला हक्क निर्माण होतो काय, आणि होत असेल तर कोठवर? अमरावती-अकोल्याकडे राहून या प्रश्नाचा विचार करू लागले, की तो तत्त्वज्ञानाच्या ग्रंथात फार वेळ रमत नाही. लवकरच चुलीपाशी येऊन बसतो.

वऱ्हाडातील जुने शेतकरी घर एका रोपावर उभे होते, असे म्हटले तर ती फारशी अतिशयोक्ती होणार नाही. ते रोप ज्वारीचे. कणसातील दाणे माणसांचे, ताटांचा कडबा बैलांचा, खळ्यावर सांडलेले दाणे कोंबड्यांचे आणि चिमण्यांचे. घरातील मूल व गोठ्यातील वासरू एकाच पेरणीवर वाढत. तव्यावरून उतरलेली भाकर, तुरीचे घट्ट वरण, अंबाडीची भाजी, जवसाची चटणी, कधी ताकासोबत कण्या, कधी नुसते चून आणि कांदा, एवढाच स्वयंपाक. त्यात श्रीमंती नव्हती. पण घासातला प्रत्येक पदार्थ कोणत्या वावरातून आला हे ताटावर बसलेल्या पोराला ठाऊक असे. शेवटच्या पिठाची लहानशी भाकर कुत्र्याची, हाही अनेक घरांचा नेम होता. चूल एक आणि जेवणारे अनेक, काही दोन पायांचे, काही चार पायांचे.

गेल्या शतकाच्या साठच्या दशकात संकरित ज्वारी आली. तिने दाणा वाढवला, पण ताट बुटके केले. माणसांचे भागले, बैलाचा कडबा घटला. पुढे सोयाबीन आले आणि खरिपाची ज्वारी मागे पडली. उरलेल्या ज्वारीवर रानडुकरे आणि रोही तुटून पडतात, म्हणून ज्याला पेरायची होती तोही पेरेनासा झाला. मी शेतकऱ्याला दोष देत नाही. त्याला दवाखाना आहे, मुलांची फी आहे, आणि सोयाबीन रोख पैसा देते. मात्र सोयाबीनचे कुटार ढोरे खातात, दाणा आपल्या चुलीवर शिजत नाही. तो पोत्यांत भरून बाजार समितीत जातो. शेत घरचे राहिले, अन्न विकतचे झाले. संयुक्त राष्ट्रांनी २०२३ हे वर्ष भरडधान्यांचे आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून पाळले, तेव्हा शहरांत भाकरीचे पुष्कळ कौतुक झाले. ज्या वऱ्हाडी घराने ती रोजची म्हणून खाल्ली, त्याच घरात आज ती डॉक्टरांनी सांगितली म्हणून आजोबांपुरती थापली जाते.

आणि मोकळेपणा? गायरान आक्रसले, पडीक जमीन उरली नाही, म्हणून बकरी हातभर दोरीने खुंट्याला बांधलेली असते. मूल खोलीत मोबाईलसमोर बसलेले असते. भूक लागली की दहा रुपये घेऊन दुकानातून पाकीट आणते. आईबाप याला स्वातंत्र्य म्हणतात, कारण मूल हवे ते, हवे तेव्हा खाते. पण ‘हवे ते’ कोणी ठरवले? ती चव दूर कोठेतरी एका कारखान्यात ठरली, आणि पोराच्या जिभेला तिची सवय लागावी याची व्यवस्था झाली. दोरी दिसत नाही एवढाच बकरीच्या आणि पोराच्या स्थितीत फरक आहे.

जुन्या गावात गुरे मोकळी असत ती कशी, हे आठवून पाहण्यासारखे आहे. सकाळी ढोरे आखरावर जमत, ढोरकी त्यांना रानात नेई, आणि सायंकाळी कळप गावात शिरला की प्रत्येक गाय कोणी न हाकता आपापल्या दारी वळे. घरी वासरू होते, पाणी होते, घमेल्यात सरकी-ढेप होती. दिवसभर तिच्या गळ्यात दावे नसे, तरी ती परत येई. संत योहानच्या शुभवर्तमानात प्रभू येशू स्वतःला मेंढरांचे दार म्हणवितो, आणि त्या दारातून मेंढरू आत येते तसेच बाहेरही जाते व त्याला चारा मिळतो. आम्ही धर्मगुरू प्रवचनात आत येण्यावरच फार भर देतो. बाहेर जाण्याचीही तेथे सोय आहे, हे सांगायचे राहून जाते.

संत थॉमस अक्वायनस यांच्यापुढे एकदा प्रश्न आला होता, की ख्रिस्ती नसलेल्या आईबापांच्या मुलाला त्यांच्या इच्छेविरुद्ध बाप्तिस्मा द्यावा काय? त्यांनी स्पष्ट नकार दिला. कारण देताना त्यांनी आईबापांच्या काळजीला एका आध्यात्मिक गर्भाशयाची उपमा दिली: बुद्धी वापरू लागेपर्यंत मूल त्या गर्भात असते. उपमा खोल आहे. गर्भाशयात मूल पूर्णपणे बंदिस्त असते, आईच्या घासावर जगते, आणि तरीही ती जागा त्याला कायमचे ठेवून घेण्यासाठी नसते.

आता बैलाकडे वळू. ‘अनुवाद’ या ग्रंथाच्या पंचविसाव्या अध्यायात एक लहानशी आज्ञा आहे: खळ्यात मळणी करणाऱ्या बैलाला मुसके बांधू नये. वऱ्हाडच्या शेतकऱ्याला या आज्ञेचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. कपाशीच्या तासांतून डवरणी करताना तोही बैलाला मुसके बांधतो, कारण कोवळे पीक वाचवायचे असते. शास्त्र त्याला मनाई करीत नाही. शास्त्र बोलते ते खळ्याविषयी, जेथे बैलाच्याच श्रमाने दाणा मोकळा होत असतो. तेथे मुसके बांधणे ही खबरदारी नव्हे, कंजुषी आहे.

संत पौलाने करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्रात हीच आज्ञा घेतली आणि विचारले, देवाला काय बैलांची चिंता आहे? ही आज्ञा तर आपल्यासाठी, सुवार्तेसाठी राबणाऱ्यांसाठी आहे. यावरून कित्येकांनी बैलाला हिशेबातून काढून टाकले. प्रेषिताविषयी पूर्ण आदर ठेवून मला वाटते, की त्याचा युक्तिवाद बैलाचा हक्क खरा असेल तरच उभा राहतो. बैलालाच काही मिळायचे नसेल, तर बैलावरून प्रेषिताचे काय सिद्ध होणार? पोप फ्रान्सिस यांनी २०१५ च्या ‘लाउदातो सी’ या परिपत्रकात इतर प्राण्यांचे अंतिम प्रयोजन आपण माणसे नव्हे, असे सांगितले, तेव्हा अनेकांना ते नवे वाटले. पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलाचे खांदे शेकून त्याला दुसऱ्या दिवसाच्या जेवणाचे आवतण देणाऱ्या माणसाला ते नवे वाटण्याचे कारण नाही. ‘निर्गम’ ग्रंथातही विसाव्याचा दिवस बैलाने आणि गाढवाने विसावा घ्यावा म्हणून आहे.

मुलांनाही मुसकी असतात, आणि सगळीच वाईट नसतात. जेवणापूर्वी पाकीट नाही, रात्री मोबाईल नाही, ही डवरणीची मुसकी; ती बांधावीच. परंतु दहावीला चांगले गुण मिळाले म्हणून ज्या पोराला अकोल्याच्या किंवा अमरावतीच्या शिकवणीवर्गात घालून, खोली भाड्याने घेऊन, मेसच्या डब्यावर दोन वर्षे पहाटेपासून रात्रीपर्यंत राबवले जाते, त्याच्या तोंडचे मुसके खळ्यावरचे आहे. कष्ट त्याचे, आणि गावात मिरवायचे नाव बापाचे.

सोडण्याचे दुसरे तोंडही याच जिल्ह्यात पाहायला मिळते. बालगृहातील मुलाने अठरा वर्षे पूर्ण झाली की संस्थेबाहेर पडावे, अशी कायद्याची सर्वसाधारण व्यवस्था आहे. सज्ञान झाला, मोकळा झाला. पण जे मूल बेवारस आहे, त्यातून मतिमंद किंवा मूकबधिर आहे, ते मोकळे होऊन जाणार कोठे? परतवाड्याजवळ वझ्झर येथे शंकरबाबा पापळकर यांनी अशा मुलांचे बालगृह चालविले आणि या प्रश्नावर वर्षानुवर्षे शासनाशी भांडण मांडले: या मुलांना अठरानंतरही घर असले पाहिजे. त्यांनी मुलांना आपले आडनाव दिले. टेकडीवर त्या मुलांच्याच हातून झाडे लावून घेतली. २०२४ साली बाबांना पद्मश्री मिळाली. त्याच वर्षी तेथे वाढलेली एक जन्मांध मुलगी राज्य लोकसेवा आयोगाची लिपिक-टंकलेखकाची परीक्षा उत्तीर्ण झाली. जिच्यासाठी परतायला दार होते, तिलाच बाहेर जाता आले.

म्हाताऱ्या बैलाच्या बाबतीत मात्र असे दार उरलेले नाही. राज्यात गाईच्या कत्तलीवर १९७६ च्या कायद्याने बंदी होती. २०१५ पासून ती वळू आणि बैलांनाही लागू झाली. हेतूविषयी मी वाद घालत नाही. पण बैल विकला जात नाही आणि कडबा नाही, अशा कोरडवाहू शेतकऱ्याने करावे काय, याचे उत्तर कायद्याने त्याच्यावरच टाकले. मग दावे कापले जाते आणि त्यालाही सोडणेच म्हणतात.

भुकेल्या माणसाला अन्न आणि मुक्या प्राण्याला अभय, या दोन गोष्टी एकाच दमात सांगणारा माणूस याच मातीतला होता. गाडगेबाबांचा जन्म १८७६ साली शेंडगावचा. वडील दारूपायी गेले, आई त्यांना घेऊन मूर्तिजापूरकडे दापुऱ्याला माहेरी आली, आणि डेबू मामाची गुरे राखीत वाढला. पुढे स्वतःच्या मुलीच्या बारशाला, जातीच्या रिवाजाप्रमाणे दारू आणि मटण न देता, त्यांनी गोड जेवण वाढले आणि सोयऱ्यांचा रोष पत्करला. ताट विका, हातावर भाकर घेऊन खा, पण लेकराला शाळेत घाला, असे ते कीर्तनातून सांगत. मूर्तिजापूरला त्यांनी गोरक्षणाचे काम केले, धर्मशाळा बांधली. मात्र १९०५ साली हेच गाडगेबाबा बायकोमुलांना मागे ठेवून घराबाहेर पडले, हे आपण गौरव करताना घाईने ओलांडून जातो. हजारोंची लेकरे त्यांनी आपली मानली. त्यांच्या स्वतःच्या लेकरांची भाकर कुंताबाईंनी थापली. आम्हा अविवाहितांना मुलांच्या संगोपनावर लिहिणे असेच सोपे जाते, कारण आमचा स्वयंपाक नेहमी दुसऱ्याच कोणीतरी केलेला असतो. सकस अन्नाचा उपदेश करणारे बहुधा पुरुष, आणि त्यासाठी पहाटे उठणारी बाई, ही विभागणी जोवर आहे तोवर आमच्या बोलण्याला फारसे वजन नाही. पोराला भाकर थापता आली पाहिजे, आणि पोराच्या बापालाही.

हे सारे मला लिहावेसे वाटले ते एका प्रश्नामुळे. आमच्या धर्मग्रामातील एका घरी नाताळासाठी बोकड वाढवला होता. आठ-नऊ वर्षांचा मुलगा त्याला पाला आणून घाली, आपल्या भाकरीतला तुकडा देई. बोकड दोरीवाचून त्याच्यामागे हिंडे. सणाला तो कापला गेला. मुलगा जेवला नाही. त्याने बापाला एवढेच विचारले, “आपन त्याले आपल्यासाठीच वाढोलं व्हतं का?” पुढचा प्रश्न त्याने विचारला नाही. बापाला मात्र तो ऐकू आला असावा, कारण तो दुसऱ्याच दिवशी माझ्याकडे आला: फादर, पोराला काय सांगू?

नाथान संदेष्ट्याने दावीद राजाला जी गोष्ट सांगितली, तिच्यातही गरीब माणसाची कोकरी त्याच्या मुलांबरोबर वाढते, त्याच्याच घासातले खाते, त्याच्याच पेल्यातले पिते. गोष्टीतला अपराध मांस खाण्याचा नाही, दुसऱ्याचे हिरावून घेण्याचा आहे, हे मी बापाला सांगितले. मांसाहाराला आपल्या धर्मात मनाई नाही, हेही सांगितले. पण ‘उत्पत्ती’च्या पहिल्या अध्यायात देव माणसाला धान्य आणि फळे देतो, आणि मांसाची मोकळीक जलप्रलयानंतर नवव्या अध्यायात येते. जी मोकळीक आहे ती सक्ती होऊ शकत नाही. तेव्हा पोराशी खोटे बोलू नका, बोकड विकला असे सांगू नका, आणि त्याने नको म्हटले तर त्याचे ताट वेगळे मांडू नका. त्याच पंगतीत त्याला वरण वाढा. ‘आपल्यासाठीच वाढवले का’ याचे उत्तर बोकडापुरते ‘होय’ असेच आहे, आणि ते बापाने स्वतःच्या तोंडाने द्यावे. मुलापुरते उत्तर काय, हे त्यानेच आपल्या घरी ठरवायचे होते.

पुढच्या नाताळातही त्या घरी बोकड कापला गेला. मुलगा वरण-भाकर घेऊन सगळ्यांबरोबर बसला. बाप त्याच्या शेजारी होता, आणि मटणाचे पातेले पुढे आले तेव्हा त्याने ते पोराच्या ताटावरून न थांबवता पलीकडे सरकवले.