एकट्याचा फोन, सगळ्यांचा पडदा

घरातला वापरात नसलेला फोन शोधून आणा. कपाटाच्या खणात, जुन्या चार्जरांच्या गुंत्यात तो बहुधा सापडेल. चार्जिंगला लावा आणि पडदा उजळेपर्यंत दुसरं काही करू नका. आज त्याला नवं काम द्यायचं आहे. इंटरनेटवरून येणारा सामना, मालिका, कीर्तन त्यानं घ्यायचं आणि टीव्हीच्या मोठ्या पडद्यावर पोचवायचं. जोडणीला फार वेळ लागत नाही. मनन मात्र सावकाश करायचं, म्हणून एकेका पायरीवर थांबत जाऊ.

आधी तो तळहातावर घ्या आणि वजन जाणवू द्या. काच, ॲल्युमिनियम, तांबं. बॅटरीत लिथियम आणि बहुधा कोबाल्ट. जगातला निम्म्याहून अधिक कोबाल्ट काँगोच्या खाणींतून निघतो. फोनच्या सगळ्या आयुष्यात हवेत जाणाऱ्या कार्बनपैकी बहुतेक भाग तो तयार होतानाच गेलेला असतो. आपण चार्जिंगला वापरलेली वीज त्यापुढे थोडी. संयुक्त राष्ट्रांच्या अहवालानुसार २०२२ साली जगात सुमारे ६.२ कोटी टन ई-कचरा झाला, आणि त्यातला चौथा हिस्साही रीतसर गोळा होऊन पुनर्वापराला गेल्याची नोंद नाही.

हे ऐकून अपराधी वाटून घेऊ नका. एवढंच मनात धरा, की या वस्तूची किंमत पृथ्वीनं आधीच चुकती केली आहे. ती वापरात राहील त्या प्रत्येक वर्षी त्या किमतीचं थोडं चीज होईल.

आता फोन रिकामा करायचा. गॅलरी उघडा. घाई करू नका. हवे ते फोटो दुसरीकडे उतरवून घ्या. मग सेटिंगमध्ये जाऊन आधी आपलं गूगल खातं काढा आणि त्यानंतरच फॅक्टरी रीसेट करा. खातं न काढता रीसेट केलं, तर अँड्रॉइड फोन पुन्हा सुरू होताना जुन्याच खात्याची ओळख मागू शकतो. चोरीला आळा बसावा म्हणून ती सोय आहे. सिमही काढून ठेवा.

इथे थोडं थांबा. घरात फोनइतकी खासगी वस्तू दुसरी नाही. त्याला कुलूप असतं, आणि ते आपल्याच बोटानं किंवा चेहऱ्यानं उघडतं. पण दिवाणखान्यातल्या टीव्हीला जोडलेल्या फोनवर, पाहुणे बसलेले असताना, कुणाचा खासगी निरोप झळकून चालणार नाही. म्हणून त्यात नवं, साधं खातं घाला, सूचना बंद ठेवा, कुलूप काढून टाका. चौघांची जागा व्हायची तर आधी एकट्याचा पसारा उचलावा लागतो. आपल्या दिवसात असं काय आहे, जे जरा आवरलं तर दुसऱ्याला बसायला जागा होईल? उत्तर आत्ताच मिळायला हवं असं नाही. प्रश्न सोबत राहू द्या.

पुढची पायरी केबलची. फोनचं टाइप-सी तोंड बाहेरून सगळीकडे सारखंच दिसतं, पण आतून नाही. काही फोनांत त्यातून चार्जिंगबरोबर चित्रही बाहेर पडतं; पुष्कळशा स्वस्त फोनांत पडत नाही. आपल्या मॉडेलची माहिती आधी तपासा आणि मगच पैसे खर्च करा. चित्र बाहेर येत असेल तर एचडीएमआय आणि चार्जिंग, दोन्ही असलेला हब घ्या. म्हणजे पाहता पाहता बॅटरी उतरणार नाही. येत नसेल तर टीव्हीला डोंगल लावावं लागेल. मग चित्र आणायचं काम डोंगल करील आणि हा फोन घरातल्या सगळ्यांचा रिमोट होईल. हे कामही कमी प्रतीचं नाही. ज्याच्यात जे आहे, त्याला साजेसं काम द्यावं.

जोडणी झाली असेल तर काहीतरी लावा आणि चित्र कसं येतं याकडे लक्ष द्या. चित्रपट सलग वाहत येत नाही. सर्व्हरवर त्याचे काही सेकंदांचे तुकडे केलेले असतात, आणि प्रत्येक तुकडा हलक्या-भारी अशा अनेक दर्जांत तयार असतो. फोन सतत अंदाज घेतो, की वायफाय आत्ता किती वेगानं देतंय, आणि पेलेल तोच पुढचा तुकडा मागतो. वेग घटला की हलका तुकडा येतो. चित्र जरा धूसर होतं, पण गोष्ट थांबत नाही. घेण्यालाही अशी जाण लागते. आपण किती घेऊ शकतो हे ओळखून तेवढंच मागितलं, तर ओघ तुटत नाही. एक श्वास सावकाश घ्या, तेवढाच सावकाश सोडा, आणि हे मनात मुरू द्या.

काही ठिकाणी नकार येईल. पैसे भरून पाहायच्या काही सेवा फोनमधल्या हार्डवेअरची सुरक्षा-पातळी तपासतात आणि ती कमी असेल तर ४८० ओळींचंच चित्र देतात. अँड्रॉइड फार जुनं असेल तर काही ॲप बसणारच नाहीत. जे चालतं ते मन लावून पाहा. जुन्या वस्तूकडून नव्याइतकी अपेक्षा धरली, तर आपणच तिला पुन्हा खणात टाकू.

तिची काळजीही घ्या. लिथियम-आयन बॅटरीला दोन गोष्टी झिजवतात: उष्णता आणि कायम पूर्ण भरलेलं राहणं. म्हणून फोनचं कव्हर काढा, टीव्हीमागे कोंडून ठेवू नका, आणि चार्जिंग ८० टक्क्यांवर थांबवायची सोय असेल तर लावून ठेवा. नसेल तर पाहून झाल्यावर चार्जरचं बटण बंद करा. पाठ फुगलेली किंवा पडदा उचललेला दिसला, तर त्याच दिवशी वापर थांबवा. तो दाबू नका, टोचू नका, कचऱ्याच्या डब्यात टाकू नका. अधिकृत ई-कचरा केंद्रात द्या. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या नियमांनी पुनर्वापराची जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे. पुरतं वापरून झालेल्या वस्तूला निरोप देताना मनाला रुखरुख लागत नाही.

शेवटी पडद्यापासून नजर वळवून खोलीकडे पाहा. २ ऑक्टोबर १९७२ रोजी मुंबई दूरदर्शन सुरू झालं, त्यानंतर कितीतरी वर्षं चाळीत टीव्ही एखाद्याच घरी असे आणि त्या घराचं दार शेजाऱ्यांसाठी उघडं राही. तो काळ परत आणायचा नाही. त्यात अडचणीही होत्या. पण एकच चित्र अनेकांनी मिळून पाहण्यातलं सुख आजही जसंच्या तसं मिळू शकतं. घरात जितकी माणसं तितके पडदे झाल्यापासून आपण ते मागायचंच विसरलो.

आज संध्याकाळी, ज्यांना स्वतःच्या फोनवर काही शोधून लावता येत नाही, अशा घरातल्या माणसाला पहिल्यांदा विचारा, काय पाहायचं? आजी असतील, आजोबा असतील, घरकामाला येणाऱ्या ताई असतील. त्यांनी सांगितलेलं लावा, आपला फोन बाजूला ठेवा आणि त्यांच्याशेजारी बसा. संपल्यावर बंद करायचं की पुढचा भाग लावायचा, हेही त्यांनाच ठरवू द्या.