लाल स्क्रीन

माझ्या कॉम्प्युटरवर स्लॉक नावाचं कुलूप आहे. साधेपणाचा हट्ट धरणाऱ्या सकलेस मंडळींचं हे सॉफ्टवेअर. कुलूप लावलं की स्क्रीन काळी होते, बस्स. घड्याळ नाही, फोटो नाही, पासवर्डची चौकटसुद्धा नाही. टाइप करायला लागलं की निळी, चुकलं की लाल. आणि एकदा चुकलं की बरोबर पासवर्ड मिळेपर्यंत काळी होत नाही.

घरून काम सुरू झाल्यावर मी चांदूर रेल्वेला परतलो. आमच्या घराचं दार दिवसभर सताड उघडं. काळी स्क्रीन बघून बाबांनी विचारलं, "काहून रे, घरात कोन चोर हाये?" मी म्हटलं, ऑफिसचा नियम आहे. ते अर्धंच खरं होतं.

एके दुपारी मामाला स्टेशनवर सोडून आलो, तर स्क्रीन लाल. जेवताना बाबांकडे बघायची माझी नजर बदललेली होती, हे मलाच कळत होतं. संध्याकाळी आई सहज म्हणाली, "मी त फडकं मारलं त्या बटनांवर. धूळ किती होती!" चुकीचा पासवर्ड असो की टाइप करून खोडलेली अक्षरं, मूळ सेटिंगमध्ये स्लॉकला दोन्ही सारखीच. कोणीतरी हात लावला एवढंच लाल रंग सांगतो. का लावला, ते मी माझ्या मनाने भरलं होतं.

त्या रात्री ओशाळून मॅन्युअल उघडलं, आणि आणखी ओशाळलो. मी काळ्या कन्सोलवर लॉगिन करून तिथून स्टार्टएक्सने डेस्कटॉप सुरू करतो. म्हणजे कुलूप लावलेलं असतानाही कंट्रोल-आल्ट-एफवन दाबून कोणीही त्या कन्सोलवर जाऊ शकतो. तिथे कंट्रोल-सी दाबलं की डेस्कटॉप कुलपासकट कोसळतो आणि माझ्या नावाने लॉगिन झालेलं टर्मिनल समोर येतं. उपाय मॅन्युअलमध्येच होता: एक्सऑर्गच्या सेटिंगमध्ये डोंटव्हीटीस्विच आणि डोंटझॅप या दोन ओळी. पहिली कन्सोलकडे जायची वाट बंद करते, दुसरी कंट्रोल-आल्ट-बॅकस्पेसने डेस्कटॉप पाडायची.

म्हणजे इतके महिने मी चोराला मोकळं सोडून फक्त आईबाबांना अडवत होतो. ज्याला युक्ती ठाऊक तो आत, ज्याला नाही तो बाहेर. आणि न कळणारे या घरात दोघंच. क्लायंटचा डेटा ही दुसऱ्याची ठेव आहे, ती नीट कुलपात ठेवणं समजू शकतं. पण अर्धवट कुलपाने ठेवही राखली नव्हती आणि माणसंही दुखावली होती. यातलं दुसरं मला जास्त लागलं.

आजीच्या ट्रंकेची किल्ली कायम तिच्या कनवटीला असायची. आत काय आहे कोणाला माहीत नव्हतं, आणि कोणी वाईटही वाटून घेतलं नाही. ती ट्रंक तिची आहे, असं ती सरळ म्हणायची. नियमाचा आडोसा तिला कधी लागला नाही.

दोन्ही ओळी टाकल्या. बाबांनाही सांगितलं, की त्यात ऑफिसचं आहे तसं माझंही काही आहे. "मंग तसं सांगाचं ना," म्हणाले, आणि पेपर उघडला.

आता आई फडकं घेऊन आली की आधी विचारते, "लावलं का रे कुलूप?" मी हो म्हटलं की फक्त टेबल पुसते. कीबोर्डवर धूळ पुन्हा साचली आहे.