एका भिक्षुकाची झाशी

आठवणींच्या पुस्तकाने वाचकाचे मत बदलावे काय, हा प्रश्न दिसतो तितका सोपा नाही. एका माणसाने जे पाहिले ते खरे असले, तरी तेच सर्व सत्य नव्हे. आणि ज्याने सोसले त्याजकडून निःपक्षपाताची अपेक्षा तरी कशी करावी? असे असूनही विष्णुभट गोडसे यांचा ‘माझा प्रवास’ वाचल्यावर झाशीकडे पाहण्याची आमची दृष्टी पालटली, हे आम्हांस कबूल केले पाहिजे.

कणकवलीतील कोणाही शाळकरी मुलाप्रमाणे आमच्याही डोळ्यांपुढे झाशी म्हणताच घोडा, तलवार आणि तट एवढेच उभे राही. पेणजवळच्या वरसईचे हे भटजी १८५७ साली उत्तरेस निघाले ते पराक्रमासाठी नव्हे, दक्षिणेसाठी. घरी कर्ज होते, आणि बायजाबाई शिंदे मथुरेस यज्ञ करणार अशी वार्ता होती. दैवाने त्यांस झाशीच्या वेढ्यात नेऊन सोडले. एप्रिल १८५८ मध्ये इंग्रज फौज शहरात शिरली तेव्हा ते आतच होते. पुढे सोनेनाणे, भांडीकुंडी, कपडे, धान्य असे क्रमाने एकेक घर रिकामे होत जाते. ते वाचताना झाशी रणभूमी राहत नाही. चुली आणि विहिरी असलेले, आपल्यासारख्यांचे गाव होते.

यावर आक्षेप आहेत, आणि ते खोटे नाहीत. भटजींनी हे लिहिले ते सुमारे पंचवीस वर्षांनी, चिंतामणराव वैद्यांच्या सांगण्यावरून. वैद्यांनी १९०७ साली ते छापले ते स्वतःचा हात फिरवून; मूळ संहिता दत्तो वामन पोतदारांनी १९६६ साली प्रसिद्ध केली. शिवाय भिक्षुकाने पाहिलेले शहर हे अखेर भिक्षुकाचेच शहर.

म्हणून आम्हांस वाटते की, अशा पुस्तकाने आपला निवाडा बदलू नये, प्रश्न बदलावा. तारखांसाठी दफ्तरेच पाहावीत. परंतु ‘कोण जिंकले?’ एवढेच विचारून उठणाऱ्या वाचकास ‘त्या रात्री मुलांस पाणी कोणी दिले?’ हेही विचारावेसे वाटले, तर पुस्तकाने आपले काम केले.

मात्र येथे एक धोका आहे. ज्यांस साक्षीदार लाभला त्यांच्यासाठीच आपले मन द्रवते. १८४४ साली आमच्याच सावंतवाडी संस्थानात बंड पेटले, आणि पुढल्या वर्षी मनोहर व मनसंतोष हे गड पडले. त्या गडांखालील घरांत काय झाले? वर्गात आम्ही ‘बंड मोडले’ या दोन शब्दांवर ते उरकीत आलो. झाशीसाठी हळहळणाऱ्या आम्हांस घराजवळची ही घरे कधी आठवली नाहीत.

भटजी परतले ते द्रव्य घेऊन नव्हे, आईबापांच्या स्नानासाठी गंगेची कावड खांद्यावर घेऊन. कर्ज फिटले नाही. परंतु एका उद्ध्वस्त शहराचे ऋण त्यांनी फेडले. मनोहरगडाचे ऋण अद्याप आमच्या माथी आहे.